टाचेपुरती खिडकी

झटकेनानांच्या उजव्या हाताची तर्जनी त्या भागात एवढी प्रसिद्ध होती की रस्त्यात भेटणारी माणसं आधी बोटाची तब्येत विचारत आणि उरलाच वेळ तर नानांची.

नानांचं गॅरेज एका उतरत्या गल्लीच्या तोंडाशी होतं. दुकानात नव्या गाड्यांना मज्जाव. येणार त्या फक्त जुन्या मोटारसायकली, ज्यांचे आवाज त्यांच्या मालकांपेक्षा लांबून ओळखू यायचे. गाडी कुठल्याही तक्रारीने आलेली असो, ब्रेक लागत नसो की आरसा फुटलेला असो, नाना आधी एकच गोष्ट करायचे. प्लगवरून वायर उपटायचे, तिच्या उघड्या तोंडावर तर्जनी ठेवायचे, डावा हात पाठीमागे नेऊन स्वतःच्याच सदऱ्याची शेपटी घट्ट धरायचे आणि म्हणायचे, "हाण."

हाणायची ती किक. आणि ती हाणायची त्यांची बायको.

ती त्याच गॅरेजच्या दुसऱ्या कोपऱ्यात मोटारसायकलींच्या सीटा शिवायची. दुकानात काय कुठे ठेवायचं, कोणाला केव्हा हाकलायचं आणि नानांनी केव्हा जेवायचं हे सगळं तीच ठरवत असल्यामुळे अख्खी गल्ली तिला मालकीणबाई म्हणायची. नानांचं "हाण" ऐकू आलं की ती शिलाई मशीन थांबवी, चष्मा कपाळावर सारी, तोंडातल्या टाचण्या काढून उशीला टोची आणि येऊन किकवर असा पाय देई की ठिणगी पाडणाऱ्या कॉइलची झोपच उडावी. नवऱ्याला दिवसाढवळ्या करंट देऊन वर त्याच्याकडूनच शाबासकी घेणारी बायको जगात बहुधा ती एकटीच.

करंट बसला की आधी नानांची डावी भुवई वर जाई आणि मग तिच्यामागोमाग बाकीचे नाना. खाली उतरले की निदान तयार. कॉइल दमली आहे, की वायर आतून कुजली आहे, की प्लगची टोपी गळते आहे, सगळं त्या एका झटक्यात कळायचं. एवढंच कळून थांबलं असतं तर नाना साधे मेकॅनिक राहिले असते. पण नानांना झटक्यावरून गाडीच्या मालकाचा स्वभावही कळायचा. एका हेडमास्तरांच्या गाडीला बोट लावून त्यांनी सांगितलं होतं की तापट आहे, पण मनात काही ठेवत नाही. हेडमास्तर खूश होऊन गेले. नंतर कोणीतरी विचारलं की हे कॉइलबद्दल होतं की हेडमास्तरांबद्दल, तेव्हा नाना म्हणाले की करंट एवढं तपशिलात सांगत नाही.

एकदा म्हणे एका परदेशी गाडीच्या कॉइलने नानांना असं फेकलं की ते गल्ली ओलांडून समोरच्या चावीच्या दुकानातल्या गिऱ्हाइकाच्या खुर्चीत जाऊन बसले. दुकान त्यांच्या मेहुण्याचं. त्याने कानस खाली न ठेवता विचारलं, कपाटाची की कुलपाची? त्या वेळी दुकानात टांगलेल्या सगळ्या चाव्या आपोआप वाजल्या होत्या, असं नाना सांगत. मेहुण्याला विचारलं तर तो चाव्यांचं कबूल करायचा, बाकीचं हसण्यावारी न्यायचा.

ही बोटाची विद्या नानांना उस्तादांकडून मिळालेली. उस्ताद म्हणजे ज्यांच्या हाताखाली नाना पाना धरायला शिकले ते. त्यांचं म्हणणं होतं की ठिणगी डोळ्यांनी बघू नये. सावलीत मरतुकडी ठिणगीसुद्धा निळीशार दिसते आणि उन्हात चांगली असून दिसत नाही. डोळे फसतात, बोट फसत नाही. डावा हात पाठीमागे ठेवायचा, म्हणजे करंट छातीतून आरपार जात नाही, हेही त्यांनीच सांगितलं. उस्ताद कामाच्या वेळी चपला दाराबाहेर काढायचे, म्हणून नानाही काढायचे. हे मात्र का, ते उस्तादांनी सांगितलं नाही आणि नानांनी विचारलं नाही.

अनवाणी राहण्याने व्हायचं ते झालं. गॅरेजची फरशी दगडी, सकाळी धूळ बसावी म्हणून त्यावर पाणी मारलेलं, आणि नानांच्या टाचा वर्षानुवर्षं त्या गार ओलीत उभ्या. हळूहळू टाचांनी तक्रार सुरू केली, मग ती गुडघ्यांकडे गेली. नाना चालताना जुन्या दरवाजासारखे करकरायला लागले. मालकीणबाईंनी काही दिवस ते ऐकलं आणि मग गुपचूप कामाला लागल्या.

त्यांनी जे शिवलं त्याला पायपुसणं म्हणणं म्हणजे त्यांच्या हाताचा अपमान. खाली जाडजूड रबराचा तुकडा, त्यावर सीटमध्ये घालतात तो चांगला फोम, वरून काळं रेक्झिन आणि चारही बाजूंनी लाल पायपिंग. नानांच्या कामाच्या जागी, टेबलासमोर, ती गादी त्यांनी अंथरली आणि म्हणाल्या, "उभे राहून बघा."

नाना उभे राहिले आणि त्यांच्या टाचांनी इतक्या वर्षांत पहिल्यांदा सुस्कारा सोडला. त्यांना एकदम भरून आलं. भरून आलं की नाना नेहमी थाप मारायचे, तशी त्यांनी मारली. म्हणाले, राजेलोकांना बसायला सिंहासन असतं, उभं राहायला सिंहासन मिळालेला राजा मी पहिलाच. मालकीणबाई म्हणाल्या की राजेसाहेबांनी तेलकट पाय गादीला पुसू नयेत.

आणि तिथून घोटाळा सुरू झाला.

पहिली गाडी आली ती निवृत्त पोस्टमनची. सकाळी लवकर सुरू होत नाही एवढीच तक्रार. नाना गादीवर उभे राहिले, वायरीवर बोट ठेवलं, सदऱ्याची शेपटी धरली आणि म्हणाले, "हाण." मालकीणबाईंनी हाणली. नानांना मुंगी चावल्यासारखं वाटलं. मुंगीसुद्धा पोट भरलेली.

"अजून हाण."

तीच मुंगी.

नानांनी कॉइल गेल्याचं जाहीर केलं, ती काढून खोक्यात टाकली आणि नवी बसवली. नवीलाही बोट लावून बघितलं, तर तिच्याकडेही मुंगीच. नाना म्हणाले, हल्लीचा माल लाजरा असतो, रुळेल. मग कार्बोरेटर साफ केला, पॉइंट घासले, गाडी एका किकमध्ये सुरू झाली आणि पोस्टमन शीळ घालत गेला. म्हणजे नानांचं निदान बरोबरच ठरलं.

त्यानंतर बेकरीवाल्याची कॉइल गेली. मग बँडवाल्याची. मग हेडमास्तरांची, तीसुद्धा स्वभाव न सांगताच. खोकं भरत चाललं. गल्लीत बोलवा झाली की कॉइलींची साथ आली आहे. नानांनीच एक कारण शोधून काढलं की यंदाची हवा जुन्या तांब्याला मानवत नाही, आणि दुसऱ्या दिवशी लोक ते त्यांनाच येऊन सांगू लागले.

पण मालकीणबाईंनी एकदा किकवरचा पाय न काढताच विचारलं, "उडाला नाहीत?"

नानांनी बोट सदऱ्याला पुसलं. त्यांनी हसून वेळ मारून नेली आणि पुढच्या किकेपासून स्वतःहून उडायला सुरुवात केली. चांगली हातभर उडी मारायचे, "अरे बापरे" म्हणायचे, बोट झटकायचे. मालकीणबाई बघायच्या, मशीनकडे जायच्या आणि टाचण्या परत तोंडात धरायच्या. तोंडात टाचण्या असल्या की माणसाला बोलायचं नसतं, एवढं नानांना कळायला हवं होतं. पण त्या दिवसांत त्यांचं सगळं लक्ष एका बोटात अडकलेलं.

शेवटी एका दुपारी मालकीणबाई कोणाची तरी शिवून झालेली सीट पोचवायला गेल्या, तेव्हा नानांनी शटर अर्धं ओढलं आणि आयुष्यात न केलेलं काम केलं. खोक्यातली पोस्टमनची कॉइल काढली, बॅटरीला जोडली, वायरीचं टोक टेबलावरच्या, वस्तू आवळून धरायच्या लोखंडी शेगड्याच्या तोंडाजवळ धरलं आणि डोळ्यांनी बघितलं.

चट्ट. जाड, निळी, तरण्याबांड माणसाच्या शिटीसारखी ठिणगी.

त्यांनी बेकरीवाल्याची लावली. चट्ट. हेडमास्तरांची तर अशी कडाडली की नाना मागे सरकले. खोक्यातली एकूण एक कॉइल जिवंत होती. सावलीतली ठिणगी फसवते हे खरं, पण एवढ्या सगळ्याजणी मिळून एकदम कशा फसवतील?

म्हणजे मेलं होतं ते बोट.

नाना त्या मऊ गादीवर मटकन बसले. त्यांना उस्ताद आठवले. उस्तादांचीही बोटं शेवटी बधिर झाली होती. हातातून पाना पडला तरी कळत नसे. त्यांनी दुकान बंद केलं आणि नंतर नाना भेटायला जात तेव्हा ते दोन्ही हात मांडीवर ठेवून खिडकीशी बसलेले असत, हात जणू कोणा पाहुण्याचे आहेत आणि सांभाळायला दिले आहेत असे. नानांनी आपली तर्जनी डोळ्यांसमोर धरली. बोट गेलं की गॅरेज गेलं. डोळ्यांनी ठिणग्या बघत कसंबसं पोट भरताही येईल, पण मग "हाण" कोणाला म्हणायचं? ती किक, ती उडी आणि उतरल्यावर चष्म्याखालून येणारं ते बायकोचं हसू, सगळा संसार या एका बोटाच्या टोकावर उभा होता, हे त्यांना बोट गेल्यावर समजत होतं.

तेवढ्यात अर्ध्या शटरखालून एक डोकं आत आलं.

"नाना, दुकान झोपलंय की तुम्ही?"

त्या सिस्टरबाई होत्या. निवृत्त नर्स. एकेकाळी औषधांची पेटी मागे बांधून, आता बाहेर उभी होती त्याच एक सिलिंडरच्या जुन्या मोटारसायकलवरून घरोघर इंजेक्शनं द्यायच्या आणि बाळंतपणं करायच्या. त्यांच्या गाडीचा आवाज आला की त्या भागातली मोठी माणसं अजूनही नकळत कमरेवर हात ठेवायची. गाडीचं दुखणं त्यांनी पेशंटचं सांगतात तसं सांगितलं: थंड असताना उत्तम, चढावर खोकला, ऊन झालं की दम लागतो, मधूनच ठोका चुकतो.

नाना उठले नाहीत. त्यांनी खाली बघूनच सांगितलं की मोठ्या रस्त्यावर नवीन गॅरेज झालं आहे, तिथे तपासायचं यंत्र आहे, गाडी तिकडे न्यावी.

"माझी गाडी यंत्राला दाखवू?" सिस्टरबाईंनी पेटीसारखी पर्स टेबलावर ठेवली. "नाना, काय झालंय ते सांगा. आणि मला गोष्ट नको."

नानांनी खरंच गोष्ट सांगितली नाही. उजवा हात काखेत दडवून, हळू आवाजात, जे होतं ते सांगून टाकलं. कॉइली, खोकं, खोट्या उड्या, उस्तादांचे हात. बायकोला माहीत नाही हे दोनदा सांगितलं.

सिस्टरबाईंनी ऐकून घेतलं, हात पुढे करायला लावला आणि ते बोट थर्मामीटरसारखं उजेडात धरून फिरवून पाहिलं. मग मालकीणबाईंच्या मशीनवरून सीट शिवायची दाभण उचलली आणि नाना काही बोलायच्या आत टोकावर टोचली.

नाना असे ओरडले की समोरचा मेहुणा अर्धी घासलेली चावी घेऊन धावत आला. गल्लीतली दोन कुत्री जागा बदलून बसली.

"बोट जिवंत आहे," सिस्टरबाई म्हणाल्या. "आवाजही."

मेहुण्याचा चहाचा ग्लास त्याच्या दुसऱ्या हातात होता. सिस्टरबाईंनी तो घेतला आणि नानांचं बोट त्याला टेकवलं. नानांनी बोट मागे ओढलं. सिस्टरबाईंनी डोळे मिटायला सांगून बोटावर आधी कापूस फिरवला, मग सुतळी. दोन्ही वेळा नानांनी बरोबर सांगितलं. निष्कर्ष असा निघाला की बोटात काही दोष नाही. सुईला घाबरतं, चहाला घाबरतं, करंटला मात्र दाद देत नाही. असं बोट सिस्टरबाईंनी नोकरीत कधी पाहिलं नव्हतं आणि त्यांना ते आता डोळ्यांदेखत बघायचं होतं. पण आत अंधार होता आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांना अंधाराचा राग होता. त्यांनी हुकूम सोडला की गाडी दारात, उजेडात घ्या.

गाडी दारात आली. नाना तिच्याजवळ उभे राहिले. गादी आत राहिली. पायाखाली सकाळच्या पाण्याने अजून ओलसर असलेला दगड. त्यांनी वायर उपटली, बोट ठेवलं, शेपटी धरली, आणि मनात काही आशा नसल्यामुळे मेलेल्या आवाजात म्हणाले, "हाण."

मेहुण्याने किक हाणली.

आधी डावी भुवई गेली. मग बाकीचे नाना गेले. कुठवर गेले याबद्दल पुढे मतभेद झाले. मेहुणा म्हणतो, उंबऱ्यापर्यंत. नाना म्हणतात, शटरच्या वरच्या पत्र्याला डोकं लागलं आणि तिथला पोचा अजून आहे, येऊन बघा. पोचा खरंच आहे, पण तो आधीपासून होता की नाही हे आठवणारं कोणी उरलेलं नाही.

नाना फरशीवर बसले होते आणि हसत होते. डोळ्यांतून पाणी येत होतं. तर्जनी सणसणत होती, कोपरापर्यंत मुंग्या होत्या, खांदा बधिर झाला होता आणि इतकं सुख त्यांना कित्येक दिवसांत झालं नव्हतं. "अजून एकदा," ते म्हणाले. मेहुण्याने अजून एकदा दिला. नानांनी त्याचे आभार मानले. या मेहुण्याचे त्यांनी आभार मानण्याची ही पहिलीच वेळ, त्यामुळे मेहुण्यालाही झटका बसला.

मग गाडी आत नेली. नाना गादीवर उभे राहिले. मुंगी. बाहेर आणली. लाथ. पुन्हा आत. मुंगी. नानांचा चेहरा बघण्यासारखा झाला. सिस्टरबाई खाली बघू लागल्या, नानांच्या पायांकडे. मग मेहुणा बघू लागला. शेवटी नानांनीही बघितलं.

काळं रेक्झिन. लाल पायपिंग. आणि खाली बोटभर रबर.

सिस्टरबाई म्हणाल्या, हॉस्पिटलात विजेच्या मोठ्या मशीनपाशी आम्हाला अशाच रबरावर उभं करायचे, करंट लागू नये म्हणून. अंगातून जमिनीत जायला वाट नसली की तो अंगात शिरतच नाही. नानांना उस्तादांच्या दाराबाहेरच्या चपला आठवल्या. उस्तादांनी सगळं शिकवलं होतं, हे एक वाक्य तेवढं सांगायचं राहून गेलं होतं. नानांनी मनातल्या मनात उस्तादांना माफ केलं, मग त्यांना माफ करणारे आपण कोण असं वाटून माफी मागितली.

मेहुणा मात्र पोट धरून हसत होता. "भाऊजी, ताईनं तुमची लाइनच कापली की हो."

नानांनी त्याला गप्प केलं. त्यांचं हसू एकदम ओसरलं होतं. ते खाली वाकले आणि गादीच्या कडेवरून हात फिरवला. टाके एकसारखे होते. कोपऱ्यांवर पायपिंग वळवायला किती त्रास पडतो हे त्यांनी इतकी वर्षं शेजारी बसून पाहिलं होतं.

"हे तिला सांगायचं नाही," ते म्हणाले. "कोणी नाही. माझ्या टाचांसाठी शिवली तिनं ही. हिच्यामुळे मी रडायच्या बेतात आलो होतो, असं सांगू?"

"मग काय सांगणार?" सिस्टरबाईंनी विचारलं.

"बघतो. इतकी वर्षं थापा मारल्या त्या आणखी कशासाठी? सरावच होता तो."

मालकीणबाई परत आल्या तेव्हा शटर पूर्ण वर होतं, गादी गुंडाळून भिंतीला टेकवलेली होती, गाडी उजेडात होती आणि तिघांचे चेहरे बिस्किटाचा डबा पाडलेल्या पोरांसारखे होते. नानांनी लगेच सुरुवात केली. म्हणाले, मोठा शोध लागला आहे. कॉइली मेलेल्या नव्हत्याच, दमलेल्या होत्या. आयुष्यभर ठिणग्या काढून कोण दमणार नाही? अंधाऱ्या खोक्यात एकमेकींच्या संगतीत पडून राहिल्या, सुखदुःखाचं बोलल्या आणि ताज्यातवान्या झाल्या. आता ज्याची त्याला परत बसवायची. या शोधावर परदेशातून माणसं येतील. आणि गादी? गादीवर जरा पाणी सांडलं, म्हणून वाळायला ठेवली.

मालकीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा कपाळावर सारला.

"बोट ठेवा," त्या म्हणाल्या.

नानांनी ओल्या दगडावर उभं राहून बोट ठेवलं, शेपटी धरली, आणि त्यांना "हाण" म्हणायचं सुचण्याआधीच किक बसली. भुवई गेली, नाना गेले, नाना उतरले.

मालकीणबाई किकवर पाय ठेवून तशाच उभ्या राहिल्या. मग तोंड भिंतीकडे करून चष्मा पुसायला लागल्या. चष्मा स्वच्छ होता.

"आज खरं उडालात," त्या म्हणाल्या.

नानांनी सदऱ्याची शेपटी सोडली.

"इतके दिवस पाय आधी उडायचे आणि भुवई मागाहून जायची. तुम्ही उगाच उडता हे मला कळत होतं. वाटलं, काहीतरी मोठं दुखणं लागलंय आणि माझ्यापासून लपवताय."

"मग विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं तर गोष्ट सांगितली असतीत. आणि ती ऐकायची माझी छाती नव्हती."

मेहुण्याला आपल्या दुकानात गिऱ्हाईक आलं आहे असं एकदम वाटलं आणि तो निघून गेला. गिऱ्हाईक कोणी नव्हतं. नानांनी आपली सणसणती तर्जनी बायकोच्या हातावर नुसती टेकवली. आभार मानायचे तर तिचे कुठून सुरू करावेत हे त्यांना माहीत नव्हतं, आणि थापही सुचत नव्हती. अशी वेळ त्यांच्यावर पहिल्यांदाच आली.

सिस्टरबाईंनी घसा साफ केला. "माझ्या गाडीचं काय?"

मग काम सुरू झालं. नानांनी कॉइलच्या तोंडाशी आपली हातभर लांबीची चांगली वायर लावून बोट ठेवलं, तर प्रत्येक किकला भरभक्कम लाथ. जुन्या वायरीच्या प्लगकडच्या टोकाला ठेवलं, तर कधी लाथ, कधी नुसती फुंकर. म्हणजे कॉइल ठणठणीत, आजारी होती ती वायर. त्यांनी तिचं कापडी आवरण ब्लेडने उभं चिरलं. आत तांब्याचा हिरवा भुगा झाला होता. थंड असताना तारा कशाबशा एकमेकींना धरून राहायच्या आणि गरम झाल्या की हात सोडायच्या, म्हणून चढावर खोकला. नानांनी नवी तांब्याची वायर मापाने कापली, एक टोक कॉइलच्या तोंडात घट्ट बसवलं, दुसरं प्लगच्या टोपीत पिळून फिरवलं, आणि मालकीणबाईंनी शेवटची किक दिली. सिस्टरबाई गल्लीचा चढ चढून वर गेल्या, वळून खाली आल्या, परत वर गेल्या. एकदाही ठोका चुकला नाही. त्यांनी वरूनच हात केला. नानांनीही केला, पण अजून किती तरी वेळा करायला हवा होता असं त्यांना वाटत राहिलं.

नाना परत आत आले तेव्हा मालकीणबाईंनी भिंतीची गादी उलगडून टेबलावर पसरली होती. ती त्यांनी हाताने चाचपली. कोरडी होती. मग फरशीवरच्या ओल्या पावलांकडे बघितलं. मग गादीच्या खालच्या रबराकडे. नाना घाईघाईने म्हणाले की गादी फार गुणाची आहे, टाचा कशा फुलासारख्या झाल्या आहेत, तिला काही म्हणायचं नाही.

"मी कुठे काही म्हणतेय?" मालकीणबाई म्हणाल्या. "खाली ठेवते, उभे राहा तिच्यावर."

नाना उभे राहिले. मालकीणबाई वाकल्या, कानामागचा खडू काढला आणि नानांच्या उजव्या टाचेभोवती बेतशीर गोल रेघ ओढली. नानांना गुदगुल्या झाल्या, पण ते हलले नाहीत. मग गादी टेबलावर घेऊन त्यांनी रेक्झिन, फोम आणि रबर आरपार कापलं, भोकाच्या कडेने लाल पायपिंग मशीनवर फिरवलं आणि टोक गाठ न दिसेल असं आत वळवलं. खिडकीच, टाचेपुरती. डावा पाय सबंध गादीवर, उजव्याची बोटं गादीवर आणि टाच खाली दगडावर.

खोक्यातल्या कॉइली पुढच्या काही दिवसांत ज्याच्या त्याच्या गाडीत परत गेल्या. नानांनी त्या घरोघरी जाऊन बसवल्या आणि प्रत्येक घरी वेगळी हकीकत सांगितली. पोस्टमनला सांगितलं की तिला हवापालट हवा होता. बेकरीवाल्याला सांगितलं की ती रुसली होती. हेडमास्तरांना मात्र खरं ते सांगितलं, गादी, रबर, सगळं. हेडमास्तर हसले आणि म्हणाले, नाना, ही काही तुमच्या नेहमीच्या तोडीची नाही, जरा चांगली रचा.

गादी अजून तिथेच आहे. नवीन गिऱ्हाईक हमखास विचारतं की एवढ्या सुरेख गादीला हे भोक कसलं. नाना सांगतात की करंटला जायला-यायला खिडकी आहे ती, आणि अशी खिडकी शिवणारं माणूस जगात एकच, ते बघा तिकडे, तोंडात टाचण्या धरून. मग ते टाच खाली टेकवतात, बोट वायरीवर ठेवतात, सदऱ्याची शेपटी धरतात. फरक झाला तो एका शब्दाचा. पूर्वी ते "हाण" म्हणायचे.

"हाणा, मालकीणबाई," ते आता म्हणतात, आणि त्या हाणतात.